नवा संगणक कुठे अडतो?

देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर माडांच्या सावलीत घरं, आणि त्यातल्या अनेक घरांना जोडून पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. अशा घरात संगणकाला भरपूर काम असतं. खोल्यांचं आरक्षण, बिलं, मुलांचा अभ्यास, आणि स्कूबा करून आलेल्या पाहुण्याला परतीच्या गाडीआधी हवं असलेलं पाण्याखालचं चित्रीकरण. म्हणून सुटे भाग मागवून संगणक जोडून घेतला जातो. पैसे वाचतात, पुढे एकेक भाग बदलताही येतो. पण पहिल्याच दिवशी पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं की घरात प्रश्न उठतो, ‘नवो असान इतको हळू कित्याक?’

मालवण इथून दहा-बारा किलोमीटर. कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने दुकान गाठण्याआधी घरीच तासभर शांतपणे तपासणी केली, तर ती खेप बहुतेक वेळा वाचते. कारण जोडताना राहून गेलेली एखादी साधी गोष्टच नव्या संगणकाला अडवत असते.

खाडीच्या मुखाशी वाळू साचली की होडीचं इंजिन कितीही ताकदीचं असो, तिला भरतीची वाट पाहावी लागते. संगणकाचंही तसंच. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा हिशेब मांडला. समजा, एका कामाला १० मिनिटं लागतात. त्यातली ४ मिनिटं प्रोसेसर राबतो आणि ६ मिनिटं डिस्क. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तरी काम ८ मिनिटांखाली येत नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपलेल्या अशा यंत्रातही त्यांची आपसातली देवाणघेवाण अडली, तर प्रोसेसरांची संख्या वाढवून उपयोग होत नाही. तेव्हा पहिला शोध घ्यायचा तो नेमकं कोण कोणाची वाट पाहतंय याचा.

त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रखडलेला असताना त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ पानावरचे आकडे पाहावेत. प्रोसेसर दहा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर घामाघूम असेल, तर दोषी सापडला. मात्र पहिल्या दिवशी घाईने निकाल देऊ नये. नवी विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवते, फायलींची सूची बनवते, अँटिव्हायरस सगळं चाळतो. संगणक काही तास चालू ठेवून, मग एकदा बंद-चालू करून पुन्हा आकडे बघावेत.

त्यानंतरही डिस्क शंभरावरच असेल, तर विंडोज कुठे बसवली आहे ते तपासावं. एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क दोन्ही जोडलेल्या असताना विंडोज चुकून हार्ड डिस्कवर जाते, असं होतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. विखुरलेल्या फायली वाचताना दर वेळी सुई सरकायची आणि तबकडीचा हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे सेकंदाला जेमतेम शंभरेक मागण्या पुऱ्या होतात. एसएसडीत फिरणारं काही नसतं. ती अशा हजारो मागण्या निभावते. विंडोज आणि रोजचे प्रोग्राम एसएसडीवर, जुनी चित्रीकरणं हार्ड डिस्कवर, ही वाटणी साधी आणि स्वस्त आहे.

रॅमचं समजायला रापण डोळ्यांपुढे आणावी. जाळ्याचे दोन दोर, किनाऱ्यावर ओढणाऱ्यांचे दोन गट. एकच दोर ओढला गेला तर जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. बहुतेक घरगुती मदरबोर्डांवर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातही असेच दोन मार्ग असतात. १६ जीबीची एकच पट्टी लावली, किंवा चार खाचांच्या मदरबोर्डावर ८ जीबीच्या दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या, तर सहसा एकच मार्ग चालतो. ३२०० वेगाच्या डीडीआर-४ रॅमला एका मार्गाने सेकंदाला २५.६ जीबी माहिती नेता येते, दोन्ही मार्गांनी ५१.२ जीबी. अशा मदरबोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच ही दोन पट्ट्यांची नेहमीची जागा. तरी सोबतची पुस्तिका पाहून खात्री करावी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे तिथे फरक चटकन जाणवतो.

पाकिटावर ३२०० लिहिलेलं असूनही टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय बहुधा चालू करायची राहिली आहे. १६ जीबीऐवजी ८ च दिसत असतील, तर एखादी पट्टी नीट रुतलेली नाही. वीज पूर्ण बंद करून ती काढावी आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. पट्टीच्या टोकावर खोडरबर जोरात घासायचा मोह मात्र आवरावा. सोन्याचा पातळ मुलामा झिजतो.

पहिली पाच मिनिटं संगणक झपाट्याने चालला आणि मग मंदावला, तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसर फार तापला, अनेकांच्या बाबतीत ९५ ते १०० अंशांच्या आसपास, की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. कूलरच्या तळाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद सोलायचा राहणं ही नवख्यांकडून हमखास होणारी चूक. कूलरचा एखादा खिळा अर्धवट बसणं, उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट न लागणं, कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवणं, याने तोच परिणाम होतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एकदा मागे वाकून पाहावं. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खाचेत असेल, तर महागडं कार्ड जवळपास रिकामं बसून राहतं.

किनाऱ्यावर दोन बाबतींत मात्र दोष चुकीच्या जागी दिला जातो. पहिली बाब वीज. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथल्या वीजवाहिन्यांची झालेली दैना सर्वांना आठवते, आणि एरवीही दाब वर-खाली होतो. पण दाबातल्या चढउतारांमुळे संगणक सहसा मंद होत नाही. तो बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा चालू होतो. अचानक वीज गेल्याने फायली बिघडू शकतात, म्हणून यूपीएस हवाच. दुसरी बाब इंटरनेट, त्याचा दोष संगणकाच्या माथी मारला जातो. इंटरनेट बंद करून संगणकातलंच चित्रीकरण उघडावं. ते सुरळीत चाललं तर अडथळा संगणकाबाहेर आहे.

खाऱ्या हवेचं गाऱ्हाणं खरं आहे, पण ते पुढचं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात देवबागला ती पातळी नेहमीची. कूलरच्या पात्यांवर बसलेली खारट धूळ अशी ओलसर झाली की धातू गंजू लागतो. म्हणून समुद्राकडच्या खिडकीपासून संगणक दूर ठेवावा आणि पावसाळा सरला की कॅबिनेट उघडून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढावी.

तपासताना एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळतं. सगळं जागेवर आल्यावर एका कागदावर तारीख घालून चार नोंदी कराव्यात: संगणक सुरू व्हायला लागलेले सेकंद, टास्क मॅनेजरमधला रॅमचा वेग, विंडोज असलेली डिस्क, आणि दहा मिनिटं चित्रीकरणाचं काम केल्यावरचं प्रोसेसरचं तापमान. बिलं आणि वॉरंटीच्या कागदांसोबत तो ठेवून द्यावा. पुढच्या मे महिन्यात, खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असताना संगणक पुन्हा रखडला, तर पहिल्यांदा तोच बाहेर काढायचा.