कालव्याबाहेरचा हुलगा

१८७६-७७च्या दुष्काळानंतर भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि बारामती-इंदापूरचं ताट दुभंगलं. पाणी पोचलं तिथे ऊस आला, मागोमाग साखर कारखाने आले. सुपे-मोरगावकडची बरीच शेती मात्र जिरायतच राहिली. तिथे बाजरीच्या जोडीला हुलगा-मटकी टिकली, कारण हुलगा हलक्या, मुरमाड रानात थोड्या पावसावरही पदरात पडतो. बागायतदाराच्या लेखी तो बैलांच्या आंबोणाचा. शेंगोळे, माडगं घरच्यांपुरतं. पाहुण्यांपुढे हुलगा ठेवायची रीत नव्हती.

ती मोडायला आता पार्ट्यांतल्या हमसचं निमित्त आहे. हमस म्हणजे शिजवलेले काबुली हरभरे, वाटलेले तीळ, लसूण आणि लिंबू. यात आपल्याला परकं काय? चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ होतेच की! भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटायची, कैरी किसून घालायची, वरून चरचरीत फोडणी.

आंबेडाळीत डाळ कच्ची चालते. वाटण राजम्याचं करायचं तर ती सवलत नाही. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे मूठभरसुद्धा नव्हे, चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. तो रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळून मग मऊ शिजवावा. नुसत्या मंद आचेवर ठेवलेला राजमा मऊ दिसला तरी धोका टळत नाही.

हुलग्याचं वाटण त्या मानाने सरळ. वाटीभर हुलगा निवडून लोखंडी कढईत खमंग भाजावा, धुऊन रात्रभर भिजवावा आणि कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या द्याव्यात. दाणा दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ झालं पाहिजे. वरचं कढण बाजूला काढून ठेवावं. साल चिवट असल्याने हुलगा गरम असतानाच वाटायला घ्यावा. गार झाला की रवाळ राहतो. त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, थोडे कारळे, लसूण, तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, मीठ, लिंबू. कढण घालत सैल करावं, वर जिरं आणि लाल तिखटाची फोडणी. सोबतीला बाजरीची पातळ भाकरी तव्यावर कडक करून मोडावी. चिप्सपेक्षा ती जास्त भार पेलते.

कडधान्यांची दखल कुणी घेतलीच नाही असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. बारामती तालुक्यातच, माळेगाव खुर्दला, दुष्काळ आणि उष्णतेच्या ताणात पिकं कशी तगवायची याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पण पीक तगलं तरी गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी ते पेरणार कशाला? माझ्या मते हुलग्याचं अडलंय ते रानात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त.

या दिवाळीत लाडू-करंजीने तोंड गुळमट झालेल्या पाहुण्यांपुढे हे वाटण ठेवून बघा. बाजारातून अर्धा किलो हुलगा आणा. फक्त निवडायला चष्मा लावून बसा, खडे हुबेहूब त्याच रंगाचे असतात.