चाकामागची बोटभर जागा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती नोकरीनिमित्त स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत, मुलाबाळांसह आणि कधी पुण्यामुंबईहून आलेल्या आजीआजोबांसह, टाहो सरोवराकडे बर्फ पाहावयास निघतात. त्यासाठी जी सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडावी लागते, तिचा माथा 80 क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर डॉनर समिटपाशी 7,239 फुटांवर, तर 50 क्रमांकाच्या महामार्गावर एको समिटपाशी 7,382 फुटांवर लागतो. हिमवृष्टी सुरू झाली की राज्याचे वाहतूक खाते, ज्याला तेथे सर्वजण कॅलट्रान्स म्हणतात, या रस्त्यांवर चाकांना साखळ्या लावण्याचा हुकूम जारी करते. आणि त्या हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्या नाक्यावर एसयूव्हीचा भारदस्तपणा हा काही पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही.

या हुकमाच्या आर-1, आर-2 आणि आर-3 अशा चढत्या पायऱ्या आहेत. आर-3 लागू झाल्यावर कोणत्याही वाहनास सवलत नसते, मात्र तशी वेळ येण्यापूर्वी बहुधा रस्ताच बंद केला जातो. आपल्या विषयाशी अधिक संबंध आर-2 चा: चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते आणि चारही टायर बर्फासाठी मान्य असलेल्या नक्षीचे आहेत, अशा गाडीला साखळ्या न चढवता पुढे जाण्याची मुभा असते, पण साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत अशी सक्तीही असते. मुभेकडे सर्वांचे लक्ष जाते, सक्तीची पूर्तता मात्र डिकीत एखादी पेटी टाकून केली जाते, आणि त्या पेटीतील साखळी आपल्या चाकाला बसते की नाही याची शहानिशा, रात्री, वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून करण्याची पाळी येते. चार चाकांची शक्ती गाडीला निघण्यास आणि चढण्यास साहाय्य करते. उतारावर थांबण्याचे काम टायरच्या पकडीचे आहे, आणि तेथे एसयूव्ही व साधी मोटार यांत फारसा भेद उरत नाही, उलट जड गाडीला आवरणे अधिकच कठीण जाते.

मापाचा पहिला दस्तऐवज टायरच्या कुशीवरच कोरलेला असतो. टोयोटाच्या रॅव्ह-4 या अमेरिकेत फार खपणाऱ्या गाडीच्या 2019 साली आलेल्या पिढीचा दाखला घेऊ. तिच्या स्वस्त प्रकारांवर 225/65 आर 17 या मापाचे टायर येतात, तर काही महाग प्रकारांवर 235/55 आर 19 मापाचे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या शेकडा किती कुशीची उंची आहे ते सांगतो, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत देतो. हिशेब मांडला तर पहिल्या टायरची कूस सुमारे 146 मिलिमीटर आणि चाकाचा एकूण व्यास 724 मिलिमीटर भरतो. दुसऱ्याची कूस अवघी 129 मिलिमीटर, व्यास मात्र 741. नाव एक, रंग एक, कारखाना एक, आणि तरीही एकीची साखळी दुसरीला बसेलच असे नाही. म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगून साखळी मागणे हे मनगट न पाहता बांगडी भरण्यासारखे आहे.

परंतु पेटीवरील कोष्टकात आपले माप सापडले म्हणजे काम झाले, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, तीच माझ्या मते सर्वांत घातक होय. कोष्टक एवढेच सांगते की ही साखळी या टायरभोवती पुरेल. त्या टायरच्या मागे, गाडीच्या अंगाला, तिला फिरण्यास जागा आहे की नाही, हे कोष्टकाला ठाऊक नसते. पुढच्या चाकामागे हात घालून चाचपले तर टायरच्या आतल्या कुशीला जवळजवळ खेटून सस्पेन्शनचा दांडा उभा असतो, त्यावरील स्प्रिंगची बैठक टायरच्या माथ्यापाशी आलेली असते, आणि बाजूने ब्रेकची रबरी नळी व चाकाची गती मोजणारी तार गेलेली असते. सैल किंवा जाड साखळी या नळीवर आपटू लागली, तर ज्या साधनावर जिवाची भिस्त ठेवायची तेच ब्रेक निकामी करण्यास कारण होते.

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, या मोकळ्या जागेचे वर्ग ठरवले आहेत. त्यांतील 'एस' वर्गाच्या गाडीत टायरच्या माथ्यावर किमान 1.46 इंच, म्हणजे 37 मिलिमीटर, आणि कुशीपाशी किमान 0.59 इंच, म्हणजे 15 मिलिमीटर मोकळी जागा गृहीत धरलेली असते. पंधरा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या जाडीएवढी जागा! बाहेरून डोंगरासारख्या भासणाऱ्या आजच्या बहुतेक एसयूव्ही साध्या मोटारीच्या सांगाड्यावर उभारलेल्या असल्याने आणि त्यांच्या कमानी मोठमोठ्या रिमांनी भरून टाकल्याने, जुन्या, ट्रकच्या सांगाड्यावरील गाडीला जी शिडीसारखी जाड साखळी सहज चालत असे, ती त्यांना चालत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील साखळ्यांचे पान आधी वाचावे. काही पुस्तिका कोणत्या मापाच्या टायरवर, कोणत्या जातीची साखळी, पुढे की मागे लावावी हे स्पष्ट लिहितात. काही विशिष्ट टायरांवर साखळीला सरळ मज्जाव करतात. असा मज्जाव असेल तर तो मानावा, आणि पुस्तिकेने मान्य केलेल्या लहान रिमांचा व बर्फाच्या टायरांचा वेगळा संच हिवाळ्यासाठी ठेवावा. खर्च होतो खरा, पण तो योग्य जागी होतो.

न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याने 1904 साली टायरवरील साखळीचे पेटंट घेतले, त्यानंतर या वस्तूत पुष्कळ सुधारणा झाली. कमी जागेच्या गाड्यांसाठी पोलादी दोरावर बारीक कड्या ओवलेल्या साखळ्या निघाल्या. तिरपी जाळी होऊन बसणाऱ्या साखळ्यांत धक्का कमी जाणवतो. आणि काही महागड्या साखळ्या तर चाकाच्या बाहेरूनच नटांच्या आधाराने बसतात, त्यांचा कोणताही भाग मागे जात नाही. ज्यांच्या चाकामागे खरोखरच जागा नाही त्यांनी या शेवटच्या जातीचा विचार करावा.

साखळी घेतल्यावर, निघण्यापूर्वी, घरच्या कोरड्या अंगणात ती एकदा चढवून पाहणे हे मी अनिवार्य मानतो. ती चढवण्यासाठी टायरमधील हवा कमी करू नये. चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे, मागे हात घालून साखळी कोठे टेकते का ते पाहावे, थोडे अंतर हळू चालवून पुन्हा ताणून घ्यावी. प्रत्यक्ष घाटातही ही पुन्हा ताणण्याची क्रिया चुकवू नये, आणि वेग ताशी 25 ते 30 मैलांच्या आत ठेवावा. डॉनरच्या वाटेवर पैसे घेऊन साखळ्या चढवून देणारे परवानाधारक लोक उभे असतात. ते कष्टाळू लोक आहेत, पण रस्त्यावर साखळ्या विकण्याची त्यांना परवानगी नाही, त्यामुळे आपली साखळी लहान निघाली तर त्यांचाही निरुपाय होतो.

आणि गाडी बदलली, किंवा नुसते टायर वेगळ्या मापाचे घेतले, तरी गॅरेजमध्ये टांगलेली जुनी साखळी आपोआप नव्या डिकीत ठेवू नये. आकडे पुन्हा वाचावे, पुस्तिका पुन्हा उघडावी, हात पुन्हा चाकामागे घालावा.