कर्जतकरांच्या रेल्वे तिकिटाचा हिशेब

रेल्वेच्या ॲपमध्ये ‘कर्जत’ लिहिलं की समोर येतं केजेटी. ते भोर घाटाच्या पायथ्याचं, रायगड जिल्ह्यातलं कर्जत. मुंबईची लोकल जाते ते. गोदड महाराजांच्या दर्शनाला पहिल्यांदा येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या कर्जतला रेल्वे नाही. गाडी धरायची तर दौंड, नाही तर अहिल्यानगर. राशीनच्या बाजूचे लोक भिगवणला जातात, मिरजगावची मंडळी नगरच्या दिशेनं निघतात. म्हणजे स्वस्त तिकिटाचा हिशेब आपल्याकडे एसटी स्टँडवरच सुरू होतो आणि तिथंच बरेच जण चुकतात.

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मं, तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के. ती २० मार्च २०२० ला करोनाच्या तोंडावर बंद झाली, ती आजतागायत परत आलेली नाही. ती परत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर सत्तरीतल्या जोडप्यानं पुण्याला जाताना दौंडला उतरून गाडी बदलण्यात फार काही वाचत नाही. थेट एसटीच परवडते, दगदग वाचते ती वेगळीच. रेल्वेचा खरा फायदा लांबच्या प्रवासात आहे. त्यासाठी भाडं कसं ठरतं, ते एकदा नीट बघायला हवं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतो. तिथं रेल्वेचं स्वस्त तिकीट मिळवणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. गर्दीच्या वेळेसह कधीही चालणारं ‘एनीटाइम’ तिकीट सर्वांत महाग, गर्दी टळल्यावरचं ‘ऑफ-पीक’ त्याहून स्वस्त. ठरावीक गाडीसाठी आधीच काढून ठेवलेलं ‘ॲडव्हान्स’ बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त, पण ती गाडी चुकली तर तिकीटही गेलं. विद्यार्थ्यांना ३५ पौंडांचं वार्षिक रेलकार्ड मिळतं, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट. दोन-तीन लांबच्या फेऱ्यांत कार्डाचे पैसे वसूल होतात. मुलांना तिकडे शिकायला पाठवणाऱ्या आईवडिलांनी गरम कपड्यांच्या यादीत हे कार्डही लिहून ठेवावं.

मला सर्वांत नवल वाटलं ते तिथल्या तुकडे पाडून काढलेल्या तिकिटांचं. लंडनहून ब्रिस्टलला जायचं आहे. थेट तिकीट न काढता लंडन ते डिडकॉट एक आणि डिडकॉट ते ब्रिस्टल दुसरं, अशी दोन तिकिटं काढली तर बऱ्याचदा मिळून स्वस्त पडतात. गाडी तीच, जागाही तीच, उतरायचंसुद्धा नाही. अट एवढीच, की ती गाडी डिडकॉटला थांबणारी हवी. हे पूर्णपणे नियमात बसतं. १९९३ च्या कायद्यानं तिथली रेल्वे अनेक कंपन्यांमध्ये वाटली गेली आणि भाड्याची गुंतागुंत वाढत गेली. लांबच्या प्रवासाचं भाडं त्याच्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकतं, ते त्यामुळेच. या गुंत्यातून वाट काढणाऱ्याला बक्षीस आणि ज्याला ते जमत नाही त्याला भुर्दंड. आजारी आईला भेटायला घाईघाईनं निघालेला माणूस तिथं सर्वांत महाग तिकीट काढतो. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही.

भाच्यानं सुट्टीत आल्यावर हीच युक्ती इथं वापरायचं म्हटलं, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. आपल्याकडे गणित बरोबर उलटं आहे. आपलं भाडं किलोमीटरवर ठरतं आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. शिवाय प्रत्येक वर्गाला किमान अंतर आहे. स्लीपरला २०० किलोमीटर, थर्ड एसीला ३००. तुम्ही त्याहून कमी गेलात, तरी भाडं तेवढ्या अंतराचं.

आता अहिल्यानगर ते पुणे बघा. अहिल्यानगर ते दौंड सुमारे ८४ किलोमीटर आणि दौंड ते पुणे सुमारे ७६, मिळून १६०. स्लीपरचं एकच तिकीट काढलं तर २०० किलोमीटरचं भाडं द्यायचं. दौंडला तोडून दोन काढली तर दोन्हींवर २००-२००, म्हणजे चारशे किलोमीटरचे पैसे. त्यावर आरक्षणाचे २० रुपये दोनदा, आणि गाडी सुपरफास्ट असेल तर ३० रुपयांचा अधिभारही दोनदा. इंग्लंडमध्ये तोडून वाचतं, आपल्याकडे जोडून. नगरहून पुण्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं कोल्हापूरला जायचं असेल, तर खिडकीवर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट मागावं, म्हणजे उतरत्या दराचा फायदा मिळतो. दोन वेगळी तिकिटं काढावीच लागली, तर त्यांचे पीएनआर एकमेकांशी जोडून घ्यावेत. १ एप्रिल २०१९ पासून ती सोय आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी हुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात.

तिकीट हातात आलं की बहुतेकांची नजर बेरजेवर जाते. मी सांगेन, आतल्या ओळी वाचा. मूळ भाडं, आरक्षण शुल्क, सुपरफास्ट अधिभार, एसीचं तिकीट असेल तर ५ टक्के जीएसटी, आणि ऑनलाइन काढलं असेल तर सुविधा शुल्क. मूळ भाडं अंतरानं बांधलेलं, त्यात आपल्या हाती काही नाही. बाकीच्या ओळींत आहे.

नगरहून नागपूरला जायचं म्हणा. महाराष्ट्र एक्सप्रेसचा क्रमांक ११०३९, आझाद हिंदचा १२१२९. दोन्ही गाड्या दौंड-मनमाड मार्गानंच जातात. बारापासून सुरू होणारा क्रमांक सुपरफास्टचा, त्यामुळे आझाद हिंदच्या स्लीपर तिकिटात ३० रुपये जास्त. वीस आणि बावीसपासून सुरू होणाऱ्या गाड्याही सुपरफास्टच. चौघांच्या घराचे एका फेरीत १२० रुपये झाले. वेळेची घाई नसेल, तर ते उगाच का द्यायचे? क्रमांक शून्यापासून सुरू होत असेल तर आणखी सावध राहावं. त्या विशेष गाड्या. सणासुदीला सोडतात आणि त्यातल्या बऱ्याच विशेष भाड्याच्या असतात.

याच मार्गावर १० ऑगस्ट २०२५ पासून पुणे-नागपूर वंदे भारत धावते. स्वस्त प्रवासाच्या लेखात तिचं काम नाही, पण जाणारच असाल तर तिकीट काढताना जेवण नको असा पर्याय निवडता येतो आणि तेवढे पैसे कमी होतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असावं. या मार्गावरच्या गाड्यांबाबत आणखी एक सांगायचं तर दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन ही दोन वेगळी स्थानकं आहेत. पुणे-मनमाड दिशेच्या अनेक गाड्या इंजिन फिरवण्याचा वेळ वाचवायला कॉर्ड लाइनवरून परस्पर जातात. तिकिटावर कोणतं नाव आहे ते न बघता स्टँडवरून जंक्शनला गेलात, तर वाचवलेले पैसे रिक्षात जातात आणि गाडीही जाते.

जवळच्या प्रवासाला सर्वांत स्वस्त म्हणजे साधी पॅसेंजर. करोनानंतर या गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं आणि किमान तिकीट १० वरून ३० रुपयांवर गेलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुनं भाडं परत आलं. दौंड-पुणे पॅसेंजरचं तिकीट एक्सप्रेसच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतं. १ जुलै आणि २६ डिसेंबर २०२५ अशी एका वर्षात दोनदा भाडेवाढ झाली, पण पॅसेंजरच्या जवळच्या भाड्याला तिनं हात लावला नाही. दुसऱ्या वाढीत २१५ किलोमीटरपर्यंत साध्या दुसऱ्या वर्गाला काहीच वाढ नव्हती. मेल-एक्सप्रेसला किलोमीटरमागं दोन पैसे वाढले, म्हणजे दौंड ते मुंबई या २६८ किलोमीटरला पाचेक रुपये. फक्त पॅसेंजरच्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये चढू नका. भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड बसतो.

दौंड किंवा भिगवणला राहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे, मुलांना बारावीपर्यंत. घर ते शिक्षणसंस्था एवढ्याच प्रवासासाठी तो असतो आणि त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो. भाच्या-पुतण्यांना शिकायला घरी ठेवून घेतलेली कुटुंबं दौंडला कमी नाहीत. त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

आपल्या भागात सर्वांत जास्त पैसे जातात ते मात्र तत्काळमध्ये आणि मधल्या माणसाच्या हातात. तत्काळचं शुल्क स्लीपरला मूळ भाड्याच्या ३० टक्के, पण किमान १०० आणि कमाल २०० रुपये. त्यातली खरी मेख पुढं आहे. तत्काळमध्ये स्लीपरचं किमान अंतर ५०० किलोमीटर धरतात. दौंडहून मुंबईला २६८ किलोमीटर जाणारा माणूस तत्काळ काढतो तेव्हा ५०० किलोमीटरचं भाडं भरतो आणि वर तत्काळचे शंभर. जवळच्या प्रवासाला याहून महाग सौदा नाही. मुंबईसाठी दोन दिवस आधी जागा नसेल, तर जनरलचं तिकीट किंवा एसटी बघावी. तत्काळ नागपूर, दिल्ली, हावडा अशा प्रवासासाठी राखून ठेवावं. प्रीमियम तत्काळच्या वाटेला तर जाऊच नये. तिथं मागणीनुसार भाडं चढत जातं. राजधानी, दुरांतो, शताब्दीला सप्टेंबर २०१६ पासून लागलेली फ्लेक्सी भाडी त्याच जातीची, दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वर. किलोमीटरवर बांधलेलं भाडं गरिबाला आणि श्रीमंताला सारखं असतं. ते लिलावासारखं चढू लागलं, की ज्याची अडचण मोठी त्याच्याकडून जास्त पैसे घेतले जातात. इंग्लंडचा हा धडा आपण गिरवू नये.

आता मधला माणूस. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला विचारलं, “अहो सर, तिकिटावर आठशे लिहिलंय आणि त्यानं हजार घेतले, असं कसं?” असं कसं, तर असं की आपण कधी विचारत नाही. आयआरसीटीसीच्या अधिकृत एजंटाला एका तिकिटामागं बिगर-एसीला २० आणि एसीला ४० रुपये एवढंच सेवाशुल्क घेता येतं. स्वतःच्या खाजगी खात्यावरून तिकिटं काढून धंदा करणं हा तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या मोबाइलवर यूपीआयनं पैसे भरून काढलं तर सुविधा शुल्क बिगर-एसीला १० रुपये आणि एसीला २०, वर जीएसटी. ते माणशी लागत नाही, तिकिटामागं लागतं. एका तिकिटावर सहा जण बसतात, म्हणून सहा जणांच्या घरानं एकच तिकीट काढावं. खिडकीवर तेही शुल्क नाही.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते आणि उघडल्यावर पहिली ३० मिनिटं अधिकृत एजंटालाही ते काढता येत नाही. एसीचं सकाळी १० ला उघडतं, बिगर-एसीचं ११ ला. म्हणजे त्या अर्ध्या तासात घरातल्या कॉलेजच्या पोरीच्या हातातला फोन आणि स्टँडवरचा एजंट यांत पोरच पुढं आहे. दादा पाटील महाविद्यालयातल्या प्रत्येक मुला-मुलीनं आपल्या घरासाठी हे काम शिकून घ्यावं, असं मला वाटतं. आधार जोडलेल्या एका खात्यावर महिन्याला २४ तिकिटं काढता येतात, एका कुटुंबाला ती भरपूर झाली.

लहान मुलांचाही हिशेब आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर अर्धं भाडं, घेतला तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण. रात्रीच्या प्रवासात सात वर्षांचं मूल आईजवळ झोपणार असेल, तर फॉर्म भरताना तिथली खूण नीट बघावी. घाईत पूर्ण बर्थ घेतला जातो.

एक सवलत करोनातही बंद झाली नाही आणि तीच आपल्याकडे सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. कर्जत तालुक्यातून मुंबईला टाटा रुग्णालयात उपचारासाठी जाणारी माणसं आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ असतं आणि बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणारा मूत्रपिंडाचा रुग्ण आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणारा रुग्ण यांनाही या वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह. ते घेऊन आरक्षण खिडकीवर जावं. तत्काळ तिकिटावर कोणतीही सवलत मिळत नाही, म्हणून पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी रुग्णालयातून प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि परत येताना दौंडच्या खिडकीवर पुढच्या वेळचं जाण्या-येण्याचं तिकीट काढूनच कर्जतची गाडी धरावी.