घरच्या सोयाबीनचा गार टोफू : पदार्थ दहा मिनिटांचा, पण दोन गोष्टी सांभाळा

शिरूर अनंतपाळ / प्रतिनिधी :

खरिपात तालुक्यात कुठल्याही रस्त्यानं जा, साकोळकडं, येरोळकडं, नाहीतर उजेडकडं, दोन्ही अंगाला सोयाबीनच दिसतं. रास झाली की कट्टे भरायचे, आडतीवर घालायचे, पट्टी घ्यायची, विषय संपला. पुढं त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते. आपल्या ताटात मात्र तेलाची पिशवी आणि कधीमधी सोयावडी, एवढंच परत येतं. ज्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं आहेत तो दाणा पिकवणाऱ्याच्या घरात शिजत नाही, ही गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे. तूरडाळीत प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास असतात.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरला. म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे. ऐन हंगामात आडतीवर काय भाव मिळतो ते वाचकांना सांगायची गरज नाही. भाव आपल्या हातात नाही. पण राशीतलं पाच-दहा किलो निवडक सोयाबीन घरात ठेवणं आपल्या हातात आहे. त्याचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरी येतो. उकडून खाल्लं तर वास येतो, लेकरं तोंड फिरवतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे टोफू, आणि उन्हाळ्यात करायला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे गार टोफू. न तळता, न भाजता, वरून आंबट-तिखट रस घालून खायचा.

टोफू म्हणजे काय?

लग्नाच्या पंगतीत आपण पनीर खातो. ते जनावराच्या दुधाचं असतं. टोफू हे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. काही जण त्याला सोया पनीरच म्हणतात. दूध नासवतो तसंच सोयाबीनचं दूध नासवायचं, चोथापाणी गाळायचं, दाबून वडी करायची.

हा पदार्थ मूळचा चीनचा. तिथून जपानला गेला. जपानमध्ये उन्हाळ्यात गार टोफूची वडी, वर किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोया सॉस एवढंच घालून खातात. त्याला ते हियायाक्को म्हणतात. टोफूचे शंभर प्रकार सांगणारं पुस्तक जपानमध्ये १७८२ साली छापलं गेलं होतं. म्हणजे आपल्याकडं ज्वारीच्या भाकरीला जो मान, तसाच तिकडं टोफूला. तिकडं चालतं ते इथं का चालू नये? आलं, कांद्याची पात, लसूण, तीळ आपल्या रानातच आहे.

पहिली गोष्ट : दाणा कोणता घ्यायचा

हा मुद्दा रेसिपीपेक्षा मोठा आहे, म्हणून आधी.

पेरणीच्या बियाण्याच्या पिशवीत उरलेलं सोयाबीन कधीही खायला वापरू नका. त्या दाण्याला बुरशीनाशक आणि कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. बऱ्याचदा त्यावर गुलाबी-लाल रंग दिसतो. रंग धुऊन गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. घरच्या बियाण्याला थायरम किंवा दुसरं औषध लावून ठेवलं असेल तर त्यालाही हाच नियम. असा कट्टा घरात असेल तर त्यावर मोठ्या अक्षरात ‘बियाणं’ लिहून वेगळ्या जागी ठेवा. घरात म्हातारी माणसं असतात, त्यांना ओळखू येत नाही.

साठवणीत किडीसाठी विषारी गोळ्या टाकल्या असतील तर तेही सोयाबीन खायला घेऊ नका.

पावसात भिजलेलं, डागी, काळपट, बुरशी चढलेलं सोयाबीनही नको. २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी रास पाण्यात गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. बुरशीतून तयार होणारी काही विषं शिजवूनसुद्धा जात नाहीत. खायला पिवळाधमक, भरलेला, कोरडा दाणाच निवडून घ्या. वाण कुठलाही चालतो. सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. तो नसलेला एनआरसी १२७ सारखा वाण इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं काढला आहे. पण आपल्या रानातला नेहमीचा दाणाही नीट उकळला की तो घटक निकामी होतो. म्हणूनच कच्चं किंवा अर्धकच्चं सोयाबीन खाऊ नये. पोट बिघडतं.

टोफू घरी कसा करायचा

चार माणसांसाठी पाव किलो सोयाबीन पुरतं.

१) सोयाबीन निवडून दोन-तीन पाण्यानं धुवा. भरपूर पाण्यात भिजत घाला. उन्हाळ्यात सात-आठ तास, थंडीत दहा-बारा तास. उन्हाळ्यात एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो.

२) हातानं चोळून जमेल तेवढी सालं काढा. सगळी निघाली नाहीत तरी चालेल.

३) एका गंजात पाणी खळखळ उकळा आणि भिजलेले दाणे त्यात पाच मिनिटं टाका. मग पाणी ओतून द्या. सोयाबीनला जो कच्चट वास येतो, जो लेकरांना नको असतो, तो ह्यानं बराच कमी होतो. ही पायरी टाळू नका.

४) मिक्सरमध्ये थोडं थोडं पाणी घालून अगदी बारीक वाटा. दाणे गरम असतील तर मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, झाकण उडतं. एकूण पाणी दोन लिटरच्या आत ठेवा.

५) स्वच्छ सुती कापडातून गाळून पिळून घ्या. खाली दूध, वर चोथा.

६) दूध मंद आचेवर ठेवून सारखं हलवत राहा. ह्याला फेस लवकर येतो आणि ते वर चढतं. फेस आला म्हणजे उकळी आली असं समजू नका. खरी उकळी आल्यावर पुढं दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. खाली लागतं, म्हणून जाड बुडाचं भांडं घ्या.

७) खाली उतरवून तीन-चार मिनिटं थांबा. दोन मोठ्या लिंबांचा रस अर्ध्या वाटी कोमट पाण्यात मिसळा आणि तीन वेळा करून हळूहळू दुधात घाला. प्रत्येक वेळी एकदोनदाच हलवा. जोरात ढवळलं तर चुरा होतो. झाकण ठेवून दहा मिनिटं सोडा. वरचं पाणी पिवळसर निवळ दिसलं की जमलं. दुधाळ दिसलं तर चमचाभर रस आणखी.

८) चाळणीत कापड अंथरून त्यात ओता. कापड गुंडाळून वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा. गार खायच्या टोफूला जास्त दाबायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं पुरे. भाजीत घालायचा असेल तर तासभर दाबा.

९) वडी उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. लिंबाचा आंबटपणा निघून जातो आणि वडी घट्ट बसते.

पाव किलो सोयाबीनचा साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम टोफू होतो. हमीभावानं धरलं तरी दाण्याचा खर्च साडेतेरा रुपयांच्या आत. लिंबं आणि गॅस वेगळा. अशा मऊ टोफूत शंभर ग्रॅममागं ८ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यात ती ६ ग्रॅमच्या आसपास असतात. जे अंडी खात नाहीत, माळकरी आहेत, त्यांच्या घरी ह्याचा उपयोग जास्त.

उरलेला चोथा फेकू नका. ज्वारीच्या पिठात मिसळून त्याचे धपाटे करा. फक्त तो कच्चा असतो, म्हणून धपाटे दोन्ही बाजूंनी चांगले भाजा आणि चोथा त्याच दिवशी संपवा.

वरचा रस : दोन प्रकार

टोफू तयार असला की पुढचं काम दहा मिनिटांचं. टोफूला स्वतःची चव फार नसते, सगळी गंमत वरच्या रसात आहे. खालचं माप पाव किलो टोफूचं. चमचा म्हणजे पोहे खायचा चमचा.

*सोया सॉसचा :* दोन चमचे सोया सॉस, एक चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा साखर, एक चमचा किसलेलं आलं, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, एक चमचा भाजलेले तीळ. नीट कालवा. सोया सॉस चायनीजच्या गाड्यावर असतो तोच, किराणा दुकानात बाटली मिळते. तो मुळातच खारट असतो, वरून मीठ घालू नका.

*घरचा :* सुपारीएवढी चिंच पाव वाटी गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. तेवढाच गूळ, चवीपुरतं मीठ, एक चमचा तिळाचा कूट, ठेचलेला लसूण आणि अर्धा चमचा काळा मसाला घाला. वरून एक चमचा करडीचं तेल. आपल्याकडं चटणीवर करडीचं तेल घेऊन भाकर खायची सवय आहेच, तीच चव इथं लागते. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी हाच रस घ्यावा, मीठ आपल्या हातात राहतं.

टोफूचं पाणी निथळू द्या. दोन बोटं जाडीचे तुकडे करून ताटलीत मांडा. रस वरून सोडा. त्यावर बारीक चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, हवी तर हिरवी मिरची. रस घातला की लगेच खा. बसून राहिला तर टोफूला पाणी सुटतं आणि रस पातळ होतो. नुसता खा, नाहीतर भाकरीबरोबर तोंडी लावायला घ्या.

दुसरी गोष्ट : गार ठेवणं

भाजी उकळत्या आधणात शिजते, म्हणून थोडी हयगय खपून जाते. गार टोफू पुन्हा शिजवायचा नसतो. त्यात जे जंतू गेले ते थेट पोटात. त्यामुळं हात, कापड, सुरी, ताटली सगळं स्वच्छ पाहिजे. कापड वापरायच्या आधी उकळत्या पाण्यातून काढा. वडी बुडवायचं पाणी बोअरचं असो की नळाचं, उकळून गार केलेलंच घ्या. बर्फ वापरायचा तर घरच्या उकळलेल्या पाण्याचा. रसवंतीवरचा बर्फ नको.

फ्रीज असेल तर टोफू झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा. दिवसात चार-सहा तास लाईट जात असेल तर तीन दिवसांचा हिशोब धरू नका, दुसऱ्या दिवशीच संपवा. तोही पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, भाजीत घालून.

फ्रीज नसेल तरी पदार्थ करता येतो. पाणी उकळून माठात गार करून ठेवा. वडी झाकणाच्या डब्यात ह्या पाण्यात बुडवा, डब्याला ओलं फडकं गुंडाळून सावलीत, वाऱ्याला ठेवा. थंडगार होणार नाही, पण गार होतो. मात्र असा टोफू दोन तासांच्या आत खाऊन टाका. एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभरात. आंबट वास आला, हाताला बुळबुळीत लागला, पाणी गढूळ झालं तर चव घेऊन बघू नका, सरळ टाकून द्या.

कोणी जपून खावं?

सोयाबीनची ॲलर्जी असेल त्यांनी खाऊ नये. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन ह्यात काही तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. किडनीचा आजार असलेल्यांनी प्रथिनं किती घ्यायची तेही डॉक्टरांनाच विचारावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला गाईच्या किंवा आईच्या दुधाऐवजी घरचं सोया दूध देऊ नये.

विकायचा विचार असेल तर

बचत गटातल्या ताया विचारतात की हे विकता येईल का. येईल, पण घरी खाणं आणि विकणं ह्यात फरक आहे. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते आणि माल शेवटच्या गिऱ्हाईकापर्यंत गारच पोहोचला पाहिजे. टोफू पनीर सांगून विकणं ही तर फसवणूकच. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था सोया दूध आणि सोया पनीरचं प्रशिक्षण देते. तालुका कृषी कार्यालयात प्रक्रिया उद्योगाच्या योजनांची चौकशी करता येते. आधी महिनाभर घरी करा, हात बसू द्या, मग पुढचं.

यंदा रास झाली की सगळे कट्टे काट्यावर चढवायच्या आधी दहा किलो चांगलं सोयाबीन बाजूला काढा. पाव किलोच्या हिशोबानं चाळीस वेळा टोफू होईल. आडतीवर त्या दहा किलोनं पट्टीत फार फरक पडत नाही, घरातल्या ताटात पडतो.