दोन कामांचे एक यंत्र : घरच्या कार्यशाळेसाठी सँडर निवडताना

व्यापारी घराण्यांत कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिचा भाव दोन-चार दुकानांत विचारण्याची रीत आहे. रीत चांगलीच, परंतु यंत्राच्या बाबतीत ती अपुरी पडते. धान्य किंवा कापड घेतले, पैसे दिले, की व्यवहार संपतो. यंत्र घेतले की व्यवहार सुरू होतो. लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या बेल्ट-स्पिंडल सँडरच्या खरेदीत ही गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते.

छत्रपती संभाजीनगर हे यंत्रांना सरावलेले शहर आहे. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती आणि १९८५ साली वाळूजला सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना, यांच्या आधाराने येथे असंख्य लहान यंत्रशाळा उभ्या राहिल्या. आता दुकानाचा भार मुलांवर सोपवलेले ज्येष्ठ आणि सुटीच्या दिवशी हाताने काही घडवू पाहणारे तरुण गच्चीवरील खोलीत लाकूडकामाची हौस भागवताना दिसतात. करवत व ड्रिल झाले, की पुढची इच्छा सँडरची असते.

या यंत्रात एकाच मोटारीवर दोन सोयी असतात. बहुधा १०० मिलिमीटर रुंद व ६१० मिलिमीटर लांबीचा फिरता पट्टा सरळ कडा घासतो. तो जोड काढून त्याच दांड्यावर रबरी ड्रम व त्यावर घासकागदाची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवली की आतल्या गोलाया घासता येतात. दांडा फिरता फिरता मिनिटाला साधारण साठ वेळा खालीवर होतो. त्यामुळे कागद एकाच रेषेत झिजत नाही आणि लाकडावर जळल्याचे पट्टे उमटत नाहीत.

पहिला प्रश्न गरजेचा. सपाट फळ्या व चौकटी एवढेच काम असेल, तर साधा बेल्ट सँडर पुरतो. चौरंगाचे वळणदार पाय, ग्रंथ ठेवण्याचा नक्षीदार स्टँड, लाकडी खेळणी असे काम असेल तरच ड्रमचा उपयोग. ड्रमचा व्यास आतल्या गोलाईच्या व्यासापेक्षा लहान हवा. म्हणून सुमारे १३ ते ५१ मिलिमीटरपर्यंतचे ड्रम सोबत येतात का, हे पाहावे. ज्याला दोन्ही कामे रोज, आलटून पालटून करायची आहेत, त्याने जोड बदलण्यात जाणारा वेळही हिशेबात धरावा. त्याला दोन स्वतंत्र यंत्रे अधिक सोयीची ठरतात.

दुसरा प्रश्न चालू खर्चाचा. ४५० वॅटचे यंत्र तासभर चालले तरी अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. म्हणजे विजेचा खर्च किरकोळच. खरा खर्च पट्टे व स्लीव्ह यांचा. ते झिजणारच. यंत्राचे पैसे देण्यापूर्वी त्याच मापाचे ८० व १२० क्रमांकाचे पट्टे शहरात मिळतात का, याची चौकशी करावी. पट्टा दुसऱ्या कंपनीचाही चालतो. स्लीव्हचे माप मात्र अचूक जुळावे लागते. एकदम वर्षभराचा साठाही करू नये, कारण उष्णता व दमटपणाने पट्ट्याच्या सांध्याचा गोंद सुटतो.

तिसरा प्रश्न विजेचा. परदेशातील आप्त प्रेमाने यंत्र आणतात. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचे, आपला पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते. हर्ट्झ मात्र तेच राहतात. परिणामी इंडक्शन मोटार सुमारे एक-षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते. वॉरंटीही येथे बहुधा उपयोगी पडत नाही. मोटार बांधून देणारा व बेअरिंग बदलणारा कारागीर या शहरात मिळेल. त्या यंत्राचा खास सुटा भाग मिळेलच असे नाही. भेटीचे यंत्र म्हणूनच अनेकदा महाग पडते.

एक गोष्ट व्यापाऱ्यांसाठी खास. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, असा मोह होतो. परंतु घरगुती वापराच्या वस्तूवरील कराचे इनपुट क्रेडिट कायद्याने घेता येत नाही. हौस घरखर्चातच दाखवावी.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच दुकानात कोणी विचारत नाही. तो धुळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात ठेवले. हा धोका मुख्यतः नाक व त्याजवळच्या पोकळ्यांचा, आणि वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. म्हणून हौशी माणसाने भ्यावे असे नाही. सावध मात्र राहावे. सागाची धूळ त्वचेला व श्वासालाही त्रास देते. बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, ती जिन्याने खाली उतरते, आणि खाली नातवंडे व दमेकरी आजोबा असतात.

तेव्हा धूळ ओढणारी नळी जोडण्याचे तोंड यंत्राला आहे का, हे आधी पाहावे. त्याला कार्यशाळेचा व्हॅक्यूम जोडावा, एन-९५ मुखपट्टी व चष्मा वापरावा, खोलीचे दार बंद व खिडकी उघडी ठेवावी. त्याच यंत्रावर लोखंड घासू नये; ठिणगी नळीतल्या भुशात गेली तर आग लागते. तीन पिनांचा प्लग व पक्के अर्थिंगही हवेच.

अंदाजपत्रक मांडताना यंत्राच्या किमतीशेजारी पट्टे, व्हॅक्यूम व मुखपट्ट्या यांचा खर्चही लिहावा. बेरीज आवाक्याबाहेर गेली, तर लहान यंत्र घ्यावे किंवा काही महिने थांबावे. धुळीच्या बंदोबस्ताची रक्कम मात्र कापू नये.