रुंद चाकात हवा किती?

शीळफाट्याला चार बाजूंनी चार तऱ्हेची जमीन येऊन भिडते. पश्चिमेला पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण आणि खाणींनी उघडा पाडलेला मुरूम. उत्तरेला दिव्याकडे खाडीचा गाळ आणि खारफुटी. पूर्वेला निळजे-काटईपर्यंत पसरलेली आणि आता टॉवरांच्या मधोमध तुकड्यातुकड्यांनी उरलेली भातखाचरं. दक्षिणेला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दहिसर मोरीवरून तळोज्याकडे उतरणारा, डंपरांनी दळलेला धुळीचा पट्टा. यांच्या मधून भिवंडी-कल्याण-शीळ हा सुमारे २१ किलोमीटरचा रस्ता जातो. तो काँक्रीटचा आहे. पण कडेला पेव्हर ब्लॉक, मध्येच खणलेले चर आणि मिक्सरमधून सांडून वाळलेलं काँक्रीट असल्यामुळे सायकलस्वाराच्या वाट्याला एकसंध पृष्ठभाग फारसा येत नाही. डोंबिवली-कल्याणच्या गृहसंकुलांमध्ये गेल्या दशकभरात जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या, त्यामागे हौस जितकी होती तितकाच हा रस्ताही होता. चार इंच रुंद चाक पाहिलं की बापाला वाटतं, आता खड्ड्यांची चिंता मिटली; मुलाला वाटतं, आता सायकल मोटारसायकलसारखी दिसली. दोघांचाही विश्वास रुंदीवर असतो. माझं म्हणणं असं, की या सायकलीत रुंदी दुय्यम आहे. रुंदीमुळे फक्त हवा कमी ठेवण्याची मुभा मिळते. ती मुभा न वापरणारा माणूस वजन तेवढं ओढतो, फायदा मात्र घेत नाही.

हे पटण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. जाड टायरची सायकल बर्फासाठी जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धा खरा आहे. अलास्कात १९८७मध्ये ‘इडिटाबाइक’ ही बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. तिच्यासाठी तिथले कारागीर दोन-दोन रिम शेजारी वेल्ड करून चाक रुंद करू लागले. सायमन रॅकॉवर यांनी ४४ मिलिमीटरची ‘स्नोकॅट’ रिम काढली ती याच गरजेतून. पण त्याच सुमारास हजारो किलोमीटर दक्षिणेला, न्यू मेक्सिकोत, रे मोलिना ८२ मिलिमीटरच्या रिमा आणि साडेतीन इंची टायर बनवत होते. त्यांना बर्फाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना वाळूच्या टेकड्या आणि मेक्सिकोतल्या कोरड्या नदीपात्रांमधून सायकल न्यायची होती. अलास्काचे मार्क ग्रोनवॉल्ड यांनी १९९९मध्ये मोलिनांचं काम पाहिलं आणि दोन्ही धारा एकत्र आल्या. पुढे २००५मध्ये अमेरिकेतल्या ‘सर्ली’ कंपनीने ‘पग्झली’ ही सायकल ३.७ इंची टायरसह बाजारात आणली, तेव्हा कुठे हे चाक कारागिराच्या शेडमधून दुकानात पोचलं. म्हणजे या चाकाच्या वंशावळीत वाळू बर्फाइतकीच जुनी आहे. बर्फ नसलेल्या ठाणे जिल्ह्यात ते परकं ठरत नाही. प्रश्न इतकाच, की इथल्या कुठल्या जमिनीवर ते कसं वापरायचं.

आता हिशेब. सत्तर किलोचा स्वार आणि वीस किलोची सायकल धरली, तर सरासरी प्रत्येक चाकावर ४५ किलो येतात. टायरमधली हवा साधारण जितक्या दाबाची, तितक्याच दाबाने टायर जमिनीला रेटतो. म्हणून दाब कमी केला की जमिनीला टेकणारा तुकडा मोठा होतो. रेसिंग सायकलच्या ८० पीएसआय दाबाला हा तुकडा सुमारे ८ चौरस सेंटिमीटरचा असतो. जाड टायरमध्ये ३० पीएसआय भरली तर तो २१ होतो आणि १० वर आणली तर ६४. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखालचा सरासरी दाब ७ पीएसआयच्या आसपास येतो. म्हणजे १० पीएसआयवरचा जाड टायर मऊ जमिनीला माणसाच्या पावलापेक्षा थोडाच जास्त दाबतो. जिथे पाऊल रुतत नाही तिथे तोही बहुधा रुतत नाही. ३० पीएसआयवर हे उरत नाही.

आपल्याकडे मात्र ३०च भरली जाते. पेट्रोल पंपावर मोटार आली की तीस-पस्तीस हवा, स्कूटर आली की तीसच्या आसपास; मग मोटारसायकलसारखं दिसणारं चाक पुढे आल्यावर भरणाऱ्याचा हात त्याच आकड्याशी थांबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण अंगठ्याने दाबून पाहण्याची पिढीजात परीक्षाही इथे फसवते. टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. त्यामुळे चार इंची टायरमध्ये ३० पीएसआय असताना त्याच्या भिंती २८ मिलिमीटरच्या रेसिंग टायरमध्ये सुमारे ११० पीएसआय असताना होतात तितक्या ताणलेल्या असतात. अंगठ्याला दहाचा टायर आधीच घट्ट लागतो आणि वीसचा दगड वाटतो. सायकलवाल्याकडच्या साध्या पंपाचा काटा शंभराच्या पुढचे आकडे दाखवायला बनवलेला असतो. पाच ते पंधरा या पट्ट्यात, जिथे दोन पीएसआयने सगळं बदलतं, तो जवळजवळ आंधळा असतो. टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो आणि अनेकदा तो वीस-तीसच असतो. पण तो छापील आकडा वाचायला कोण खाली वाकतो?

कमी दाबाचं हे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकाची बैलगाडी मऊ रस्त्यात खोल चाकोरी पाडते. पश्चिम महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यात ऊस वाहायला टायरगाडी रुळली, त्यामागचं कारण हेच: हवेचं चाक जमीन कापत नाही, तीवर पसरतं, आणि म्हणून त्याच बैलजोडीकडून जास्त ओझं ओढलं जातं. जाड टायरची सायकल ही त्याच तर्काची पुढची पायरी आहे. इथे बैलाच्या जागी स्वाराच्या मांड्या आहेत, एवढाच फरक.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो रास्त आहे. शीळ-कल्याण रस्ता अखेर काँक्रीटचा आहे, आणि घट्ट रस्त्यावर कमी हवेचा जाड टायर जड चालतो. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दुमडते, उलगडते आणि तेवढी शक्ती उष्णतेत जाते. स्वस्त टायरचं कापड जाड, रबर कडक. म्हणून हा तोटा आणखी वाढतो. त्यात दहा-पंधरा हजारांच्या आसपासची सायकल पोलादी चौकटीची, अठरा-वीस किलोची, बरेचदा एकाच गिअरची. शिवाय चाक रुंद म्हणून पेडलांमधलं अंतर वाढतं, आणि ते प्रत्येक गुडघ्याला मानवतंच असं नाही. ज्याला रोज काटई नाक्यावरून महापेला कामावर जायचं आहे, त्याने ही सायकल घेऊ नये. दोन इंची टायरची साधी सायकल त्याला अधिक उपयोगी. विजेवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींनी ही अडचण थोडी सोडवली आहे. पुण्याच्या ‘ईमोटोराड’ची घडीची ‘डूडल’ २० इंची चाकावर चार इंची टायर घालते. २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोहून कमी वजन या मर्यादेत राहणाऱ्या वाहनाला नोंदणी लागत नाही. ओढण्याचं काम मोटर करते. हवेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

खड्ड्यांचं काय? लोक सायकल घेतात ती बहुधा यासाठीच. इथे उत्तर मिश्र आहे. चार इंची टायरसकट २६ इंची चाकाचा बाहेरचा व्यास २९ इंचांच्या आसपास जातो, म्हणून ते छोट्या खड्ड्यात पडत नाही, वरून जातं. पेव्हर ब्लॉकच्या फटी, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली भेग, दिव्याच्या फाटकातल्या रुळांची खाच, अशा बारीक चाक गिळणाऱ्या जागांवर रुंद चाकाला खरोखर सुरक्षितता आहे. पण धारदार कडेच्या खोल खड्ड्यात, आठ पीएसआयवर, टायर पूर्ण दबून रिम कडेवर आदळते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. म्हणून फुटक्या रस्त्यावर बारा ते पंधरा ठेवावी लागते. त्यात आणखी एक गोम आहे. टायर ही स्प्रिंग आहे, पण तिला शॉकअब्जॉर्बर नाही. वेग वाढला की ती स्वतःच्या तालावर उसळू लागते आणि स्वार बसल्या जागी नाचतो. ताशी पंधराला जे सुखाचं वाटतं ते पंचविसाला तसं राहत नाही. कल्याणमध्ये २०१८च्या पावसाळ्यात खड्ड्यांनी माणसं मारली. त्यावर टायर रुंद करणं हा उपाय नव्हे, आणि नागरिकाने आपल्या खर्चाने जाड चाक घेतलं म्हणून रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी इंचभरही कमी होत नाही.

साचलेल्या पाण्यावर रुंद टायर तरंगून घसरेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. पाण्यावर टायर केव्हा तरंगतो याचं सूत्र नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवरून मांडलं. त्यात १० पीएसआय घातली तर उत्तर ताशी ५० किलोमीटरच्या थोडं वर येतं, आणि सायकलचा टायर गोल असल्यामुळे प्रत्यक्षात तो पाणी अधिक सहज फोडतो. पावसात घसरायला लावतं ते शेवाळ, सांडलेलं डिझेल आणि रंगवलेले पट्टे. तिथे रुंदी कामाची नाही.

चिखलाबद्दल तर रुंद चाकाच्या भक्तांनी थोडं नमतं घ्यावं. युरोपात सायक्लोक्रॉस हा खेळ चिखलातच रंगतो, आणि जागतिक संघटनेच्या नियमाने त्यात टायर ३३ मिलिमीटरहून रुंद चालत नाही. तिथलं बारीक चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरावर जाऊन टेकतं. भातखाचरात हेही चालत नाही, आणि जाड टायरही चालत नाही. चिखलणी करताना मातीची घडणच मोडून टाकलेली असते, पाणी खाली मुरू नये म्हणून. त्या लगद्यात रुंद टायर फार खोल जात नाही, हे खरं. पण माती त्याला चिकटते, चिमट्यात आणि चौकटीत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. जून ते ऑक्टोबर हा काळ खाचरांचा आहे, सायकलचा नाही. कापणीनंतरही लगेच नाही, कारण या भागात भातामागून उरलेल्या ओलीवर वाल घेतात, आणि ओल्या मातीत एकदा चाकाने दाबलेला पट्टा रोपांना नडतो. माघ-फाल्गुनात जमीन भेगाळली, धसकटं वाळली, की बांधाकडेच्या वाटांवर आठ-दहा पीएसआयची सायकल सुरेख चालते, मालकाची हरकत नसेल तर.

या सायकलीचा खरा प्रांत शीळफाट्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे. मुरूम, खडीचा चुरा आणि चाळण न झालेली क्रशरची भुकटी ही आपली वाळू. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, शीळफाट्याशीच बाहेर पडतो. त्यातला घणसोली ते शीळफाटा हा जवळपास पाच किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५मध्ये आरपार झाला. ऐरोली-काटई रस्त्यासाठीही पारसिकचा डोंगर पोखरला गेला. बोगद्याचा दगड वाहणाऱ्या डंपरांमुळे, रस्त्यांच्या रुंदीकरणामुळे आणि जुन्या खाणींमुळे सुटे खडे आणि धूळ यांचे पट्टे इथे वर्षभर असतात. घट्ट पृष्ठभागावर पसरलेल्या अशा खड्यांवर बारीक, कडक टायर गोट्यांवरून घरंगळावा तसा सरकतो. दहा पीएसआयचा टायर खडा आपल्या रबरात दाबून घेतो आणि आजूबाजूच्या पक्क्या जमिनीला टेकलेला राहतो. चढावर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. मागचं चाक जागीच फिरत नाही. उतारावर पुढचं चाक वळणात निसटत नाही, फक्त ब्रेक चांगले हवेत, आणि स्वस्त सायकलींमध्ये नेमकं तेच सामान सर्वांत हलकं असतं.

शेवटचा आक्षेप सायकलस्वाराचा नाही, जमिनीचा आहे. जे चाक कुठेही जाऊ शकतं त्याला कुठेही नेण्याचा मोह होतो. दिव्याच्या अंगाला खाडीकाठचा गाळ ओहोटीला मोकळा पडतो, आणि पाच-सहा पीएसआयवर तिथे काही अंतर जाता येईलही. पण त्या गाळात खेकडे, निवटे आणि खारफुटीची श्वासमुळं असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५च्या आणि २०१८च्या आदेशांनी खारफुटीला वनाचं आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षणाचं कवच दिलं आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२पासून रामसर स्थळ आहे. चाकाचा दाब पावलाइतका हलका असतो हे आधी मी कौतुकाने मांडलं. तेच इथे उलटतं, कारण पाऊल सुटं सुटं पडतं आणि चाक सलग रेघ ओढतं, जिच्यातून पुढचं पाणी वाहतं. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर विणीच्या हंगामात कासवांची घरटी वाळूखाली असतात, तिथेही भरतीरेषेच्या वरची मऊ वाळू या सायकलीला सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत वर्ज्य. खाली भरती-ओहोटीच्या मधली ओली, दाबलेली वाळू असते. तिथे चार इंची टायरची गरजही भासत नाही. साध्या सायकलची हवा अर्ध्यावर आणली तरी काम भागतं.