मण्यांचे विणकाम : शोकेसमधील हुनराला बाजार आहे

धाटावची ओळख रसायनांच्या कारखान्यांची. कुंडलिकेच्या काठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रोहे तालुक्यातील तरुण पाळीवर जाऊ लागला. घरातील स्त्रीच्या हाताला काय काम, हा प्रश्न मात्र होता तिथेच आहे. शिवणयंत्र, आणि लग्नसराईत ओढणीला मोती-टिकली लावणे. कापडाच्या धंद्यामुळे हे काम मी रोज पाहतो, त्याची मजुरीही मला ठाऊक आहे. म्हणून आज अशा एका हुनराबद्दल लिहितो, जो याच घरांत आहे पण ज्याला कोणी धंदा मानत नाही.

कोकणातल्या कितीतरी घरांत शोकेस उघडली की मण्यांचा पोपट, मण्यांची किटली, अननस, फळांची टोपली दिसते. प्लॅस्टिकचे मणी आणि तंगूस, बस्स. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे हेच नग रुखवतात मांडतात. मुंबईच्या पारशी घरांच्या दारावर बारीक काचमण्यांची तोरणे असतात, त्यांत मासे आणि कोंबडे विणलेले. सौराष्ट्रात या कामाला मोती भरत म्हणतात. तिकडे एकोणिसाव्या शतकात व्हेनिसचा मणी पूर्व आफ्रिकेच्या तिजारतीतून येत असे, आणि त्याची चाकळे, तोरणे, घागरीखालच्या इंढोण्या, चौपटाचे पटदेखील बायकांनी विणले.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. धारावी-गोवंडीच्या कारखान्यांत अड्ड्यावर आरीचे काम चालते. तिथे कापड आधी आणि मणी नंतर. कटदाणा असो की शुगर मणी, तो कापडावर टाचला जातो. विणलेल्या मण्यांत कापड नसतेच. मणी मण्याला धाग्याने बांधलेला असतो आणि त्या ताणावरच नग उभा राहतो. आत ना तार, ना कापूस.

तो उभा कसा राहतो? सहा मण्यांचे घेर एकमेकांना लागून ओवत गेलात तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होते आणि ती सपाट पडते. मध्ये पाच मण्यांचा एक घेर घाला, तिथे टोपीसारखा फुगवटा येतो. सात किंवा आठ मण्यांचा घातला की जाळी खोगिरासारखी वळते, कडा लाटेसारखी वरखाली होते. पोपटाचे पोट आणि मान या हिशेबानेच वळते. आपल्या घरच्या बायका "पाच, सहा, पाच" असे तोंडी म्हणत ओवतात, तो हाच हिशेब. आणखी एक गंमत. फक्त पाचाचे आणि सहाचे घेर घेऊन, प्रत्येक टोकाला तीन घेर भेटतील अशा रीतीने, चेंडूसारखा बंद गोळा करायचा असेल तर तो कितीही लहान-मोठा करा, पाचाचे घेर बरोबर बाराच लागतात. एक कमी पडला तर तोंड मिटत नाही.

धाटावच्या रसायनवाल्यांना हे ऐकून नवल वाटू नये. १९८५ साली कार्बनच्या साठ अणूंचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू सापडला, त्याबद्दल १९९६ चे नोबेल मिळाले. त्या साठ अणूंमध्ये नव्वद बंध आहेत. तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक बी-याउ जिन आणि त्यांचे सहकारी हा रेणू नव्वद मणी ओवून करतात. एक बंध म्हणजे एक मणी, आणि प्रत्येक मणी दोन घेरांत येत असल्याने धागा त्यातून दोनदा जातो. मणी एकमेकांना ढकलतात आणि आकार आपोआप खरा येतो. पुढे त्यांनी नळ्या, कडी, फुलासारखे वळलेले पृष्ठभाग असे पुष्कळ नग केले. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना असा नग विकता येईल, हे मला तरी वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना सुचायला हवे असे वाटते.

शिल्प म्हटले की मूर्ती, आणि मूर्ती म्हटले की आपल्यातील अनेकजण दोन पावले मागे सरतात. त्यांचा संकोच मी समजतो. पण आजच्या शिल्पाला नाक-डोळे लागतातच असे नाही. षटकोनाची जाळी आपण मशिदींच्या खिडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. तीच मण्यांत फुगवली, वळवली, दुमडली की शिल्प झाले.

आता सपाट कामाकडे, म्हणजे मण्यांच्या मोझेककडे येऊ. हे छोट्या मागावर होते. रुंदीत जितके मणी, त्याहून एक ताणा जास्त. सुईत रांगेचे सगळे मणी घेऊन ती ताण्याखालून न्यायची, बोटाने मणी दोन ताण्यांच्या मध्ये वर ढकलायचे आणि त्याच मण्यांतून सुई ताण्यावरून परत आणायची. मण्याचे नंबर उलटे चालतात. नंबर जितका मोठा, मणी तितका बारीक. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा. एका चौरस इंचात दोनशेच्या वर बसतात, म्हणजे एक चौरस फुटाला तीस हजारांच्या आसपास. वजन भरते पाव किलोहून थोडे जास्त. सराईत हात ताशी चारशे मणी ओवतो असे धरले तर पंच्याहत्तर तास झाले. रोज पाच तास बसले तर पंधरा दिवस. माल पाव किलो, बाकी सारी मेहनत. म्हणून हा नग वजनावर किंवा डझनावर विकणारा बुडालाच समजा.

मग भाव कशाचा मिळतो? नावाचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉइस स्कॉट या बाई सुई-धाग्याने मण्यांची स्वतःच्या ताणावर उभी राहणारी शिल्पे विणतात. त्यांच्या आई गोधडीकाम करीत. २०१६ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. लायझा लू यांनी १९९१ ते १९९६ अशी पाच वर्षे खपून अख्खे स्वयंपाकघर मण्यांनी मढवले, ते आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. २००५ पासून त्यांनी दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे झुलू कारागिरांबरोबर मणी विणण्याचे काम चालवले. कोकणातून केपटाऊनला गेलेली आपली घराणी पुष्कळ आहेत, त्यांना हे नवे नाही. त्याच डर्बनच्या उत्तरेस १९९९ साली उबुह्ले नावाचा गट निघाला. तिथल्या बायका काळे कापड चौकटीवर ताणून त्यावर मण्यांची चित्रे करतात. एका चित्राला दहा महिन्यांहून जास्तही लागतात. पण चित्राखाली नाव करणाऱ्या बाईचे असते, आणि २०१३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ती चित्रे त्याच नावांनी मांडली गेली.

आपल्याकडे ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियाला फ्रान्सच्या दिओर कंपनीच्या फॅशन शोसाठी भरतकामाचे प्रचंड तोरण लागले. मुंबईच्याच चाणक्य या कारखान्याच्या कारागिरांनी ते केले. जगाने फोटो पाहिले. शेकडो हात राबले, पण त्यांतील एकेकाचे नाव कोणी विचारले असेल असे वाटत नाही. ही कोणा एका मालकाची गोष्ट नव्हे, जॉबवर्कची रीतच अशी आहे. अड्ड्यावर बसणाऱ्याने कुणाची नक्षी भरली तर मजुरी मिळते, आणि ती वेळेवर मिळाली तरी पुष्कळ.

नक्षी स्वतःची असेल तर गोष्ट बदलते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलाकृती करणाऱ्याला तिच्यावर आपले नाव सांगण्याचा हक्क दिला आहे, आणि हक्क विकल्यावरही तो राहतो. म्हणून प्रत्येक नगाच्या मागे नाव, साल आणि क्रमांक घातलेली कापडी पट्टी टाचावी, फोटो काढून वहीत नोंद करावी. गॅलरीवाला विक्रीतून निम्म्यापर्यंत कमिशन घेऊ शकतो, तेव्हा पंच्याहत्तर तासांची मजुरी आधी धरून मगच भाव बोलावा. नग तिथे महिनोन्‌महिने पडून राहील, पैसा अडकेल. उधारीवर मणी घेऊन हे काम करू नये.

मालाबाबत थोडे. तंगूस उन्हात पिवळा पडतो आणि काही वर्षांत कडक होऊन तुटतो. खेळण्याला चालेल, संग्रहासाठी नाही. मासेमारीच्या दुकानात विणीचा धागा मिळतो, तो टिकतो. स्वस्त काचमण्याच्या भोकाची धार धागा कापते, म्हणून मूठभर मणी आधी ओवून घासून पाहावेत. रंग कच्चा की पक्का ते पाण्यात भिजवून आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवून कळते. बनारसचा मणी चांगला, पण जाडीत कमीजास्त निघतो, निवडावा लागतो. मोझेकसाठी जपानी नळीदार मणी एकसारखा असतो, मात्र महाग. आणि एका नगाला लागणारा सगळा मणी एकाच लॉटमधून घ्यावा. दुसऱ्या लॉटचा निळा तोच निळा नसतो, हे कापडवाल्याला सांगायला नको.